दुसऱ्याच्या घरातला उमेदवार

४ जून २०२४ च्या संध्याकाळी मी साताऱ्याच्या निकालाचे आकडे वहीत उतरवून घेतले. उदयनराजे भोसले ५,७१,१३४. शशिकांत शिंदे ५,३८,३६३. फरक ३२,७७१. त्याखाली तिसरी ओळ होती, तिच्याकडे त्या दिवशी सगळ्यांचेच डोळे लागले होते : ट्रम्पेट चिन्हावरचे अपक्ष उमेदवार, ३७,०६२. दुसऱ्या दिवसापासून एकच वाक्य ऐकू येऊ लागले, ‘पिपाणीने तुतारी पाडली.’ माझ्या छापखान्यात येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी निम्मे हे वाक्य हळहळून म्हणत होते आणि निम्मे हसून. हसणाऱ्यांच्या हसण्यात एक कौतुक होते. ‘काय डोकं लावलं बघा!’ हा लेख त्या कौतुकाविषयी आहे.

आधी माझी ओळख. मी राज्यशास्त्र शिकलेलो नाही. बारावीनंतर छपाईत शिरलो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, यात्रेची हँडबिले आणि निवडणुकीच्या हंगामात नमुना मतपत्रिका छापत आलो. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतली गिऱ्हाइके असल्याने दोन्हीकडचे राजकारण कागदाच्या रिमांबरोबर अंगावर येत गेले. जुनी हँडबिले मी रद्दीत घालत नाही. गेल्या तीस वर्षांची दोन कपाटे भरली आहेत. निवडणुकांचे आकडे जमवण्याचा नाद त्यातूनच लागला.

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण हे मतदार ठरवतात. त्यासाठी आधी एक प्राथमिक निवडणूक होते. तिथल्या पुढाऱ्यांनी त्यातून एक युक्ती काढली. समोरच्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत आपणच पैसे ओतायचे, त्यांच्यातला सर्वांत कमकुवत किंवा सर्वांत टोकाचा माणूस पुढे येईल असे बघायचे आणि मग खऱ्या निवडणुकीत त्याला आरामात पाडायचे. मिसुरीच्या सिनेटर क्लेअर मॅकॅस्किल यांनी २०१२ साली हेच केले. विरोधी रिपब्लिकन पक्षातले टॉड एकिन ‘फारच सनातनी’ आहेत अशी जाहिरात त्यांनी केली. वरवर ती टीका होती, पण त्या पक्षाच्या कट्टर मतदाराला ती शिफारसच वाटली. सुमारे १७ लाख डॉलर खर्च झाले. एकिन उमेदवार झाले, बलात्काराविषयी एक संतापजनक विधान करून बसले आणि मॅकॅस्किल निवडून आल्या. पुढे त्यांनी स्वतःच हा सगळा डाव लेख लिहून सांगितला.

आपल्याकडे प्राथमिक निवडणूक नाही. काँग्रेसने २०१४ च्या लोकसभेला मोजक्या मतदारसंघांत तसा प्रयोग केला होता. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर निवडले होते. मतदानाचा हक्क सामान्य मतदाराला नव्हता, पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना आणि प्रतिनिधींना होता. दोन्ही जागा पक्षाने गमावल्या आणि प्रयोग तिथेच थांबला. तेव्हा ‘हा प्रश्न अमेरिकेचा, आपल्याला काय त्याचे’ असे कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. प्राथमिक निवडणूक नसली तरी प्राथमिक निवड असतेच, फक्त ती बंद दाराआड होते. ती तिकीटवाटपात होते, आघाडीच्या जागावाटपात होते, अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोहोचणाऱ्या एबी फॉर्ममध्ये होते आणि माघारीच्या दिवशी कोण कुणाच्या गाडीत बसून गेला यात होते. या चारही ठिकाणी बाहेरच्याचा हात शिरू शकतो. या हाताला आमच्याकडे एक जुना शब्द आहे, रसद. ‘त्याला रसद कुणाची?’ हा प्रश्न कृष्णाकाठच्या कोणत्याही पारावर, उमेदवाराचे नाव विचारायच्या आधी विचारला जातो.

हे नवे नाही. काँग्रेसचा एकछत्री काळ होता तेव्हा तिकीट मिळणे हीच खरी निवडणूक होती, पुढचे मतदान बहुतेक ठिकाणी शिक्कामोर्तब असे. सांगली जिल्ह्याने वसंतदादा पाटील आणि राजारामबापू पाटील यांच्या गटांची चुरस पाहिली. धरण खुजगावला की चांदोलीला, इथपासून ती चुरस पेटली होती. बापू पुढे जनता पक्षात गेले. पण त्या काळातली आमच्या वडीलधाऱ्यांची भाषा आजही टिकून आहे : ‘वरून त्याचा, आतून याचा.’ एका गटाचे लोक दुसऱ्या गटाच्या बंडखोराला मदत करायचे. हे उघड गुपित होते आणि त्यात कुणाला गैर वाटत नसे. आम्ही त्याच वळणाने वाढलो.

आता साताऱ्याचा हिशेब पुन्हा मांडू, कारण त्यावर दोन्ही बाजूंनी फार बेजबाबदार बोलले गेले. ३७,०६२ ही संख्या ३२,७७१ पेक्षा मोठी आहे एवढे खरे. पण निकाल उलटायचा तर त्या अपक्षाला मिळालेल्या दर शंभर मतांतली किमान ८९ मते चुकून पडलेली आणि शिंदे यांच्यासाठीच अभिप्रेत असलेली असायला हवीत. उरलेली अकरा मनापासून त्या अपक्षाची किंवा रागाची. असे असू शकते. पण ‘पिपाणीने पाडले’ असे छातीठोक म्हणण्याइतका हा हिशेब घट्ट नाही. शिवाय मुक्त चिन्हांच्या यादीतून चिन्ह मागणे हा कोणत्याही अपक्षाचा हक्क आहे. त्यामागे कुणी होते असे आकडे सांगत नाहीत आणि मीही म्हणत नाही.

आकडे वेगळेच काही सांगतात. शरद पवारांच्या पक्षाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह फेब्रुवारी २०२४ मध्ये मिळाले, म्हणजे मतदाराला ओळख व्हायला जेमतेम दोन-अडीच महिने. मुक्त यादीतल्या ट्रम्पेटचे मराठी नाव त्या वेळी ‘तुतारी’ असेच दिले होते. परिणाम एकट्या साताऱ्यात दिसला नाही. बारामतीत त्या चिन्हाला सुमारे १५ हजार मते पडली, बीडमध्ये ५४ हजारांवर आणि माढ्यात ५८ हजारांवर. बीडमध्ये बजरंग सोनवणे निवडून आले ते अवघ्या ६,५५३ मतांनी. दिंडोरीत तर अपक्षाचे चिन्ह ट्रम्पेट आणि आडनावही पवारांच्या पक्षाच्या उमेदवाराचेच, भगरे. त्या अपक्षाला १,०३,६३२ मते मिळाली. खरे भगरे गुरुजी १,१३,१९९ मतांनी जिंकले म्हणून त्याची चर्चा विरली. चिन्ह एकटे असते तेव्हा किती मते जातात आणि चिन्हाला नावाची जोड मिळाली की किती जातात, याचा असा नमुना पुन्हा मिळणार नाही. विधानसभेच्या आधी निवडणूक आयोगाने तुतारी वाजवणाऱ्या माणसाचे चित्र ठळक केले, पण ट्रम्पेट यादीतून काढले नाही. मग आंबेगावात दिलीप वळसे पाटील १,५२३ मतांनी जिंकले आणि पराभूत देवदत्त निकम यांच्याच नावाच्या, ट्रम्पेट चिन्हाच्या उमेदवाराने २,९६५ मते घेतली.

नामसाधर्म्याचा खेळ तुतारीहून कितीतरी जुना आहे. २०१४ साली रायगडमध्ये सुनील तटकरे यांचा अनंत गीते यांच्याकडून २,११० मतांनी पराभव झाला. त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या उमेदवाराला ९,८४९ मते होती. तेव्हापासून राज्यातल्या प्रत्येक मोठ्या लढतीत अर्जांच्या यादीत जुळी-तिळी नावे दिसतात. २०२४ च्या विधानसभेला आमच्या तासगाव-कवठेमहांकाळमध्येही मतदान यंत्रावर एकाहून अधिक रोहित पाटील होते. तिथले राष्ट्रवादीचे रोहित पाटील तरीही चांगल्या फरकाने जिंकले. २०१५ पासून यंत्रावरच्या कागदावर उमेदवाराचा फोटो असतो तो याच घोळासाठी. पण तो फोटो केवढा असतो आणि सत्तर वर्षांच्या आजीला मोतीबिंदूतून तो किती दिसतो, हे बघायला कुणी केंद्रावर गेलेले दिसत नाही.

इथे मला माझी स्वतःची गोष्ट सांगावी लागेल.

बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका विधानसभा निवडणुकीत एक मनुष्य माझ्याकडे आला. एका अपक्षाची पाच हजार हँडबिले छापायची होती. मजकूर चार ओळींचा. नाव मोठ्या टायपात हवे, गावाचे नाव नको. आडनाव आणि नाव दोन्ही तिथल्या एका प्रमुख उमेदवाराचे. मी काही विचारले नाही. पैसे द्यायला जो आला त्याला मी ओळखत होतो. दुसऱ्या एका प्रमुख उमेदवाराची छपाईसुद्धा त्याच्याच हातून माझ्याकडे येत होती. दोन्ही कामांचे पैसे त्याने एकाच पिशवीतून काढून दिले. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे-पत्ते छापायचे आणि प्रकाशकाची सहीची कबुली छापखान्याने घ्यायची, असे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १२७-अ हे कलम सांगते. मोडले तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मी मुद्रक म्हणून माझे नाव छापले. प्रकाशक म्हणून त्या अपक्षाचे नाव छापले. प्रकाशक खरा कोण होता ते मला माहीत होते आणि मी ते कागदावर येऊ दिले नाही.

त्या अपक्षाला मी नंतर भेटलो. दोन एकर कोरडवाहू जमिनीचा माणूस. ‘नुसता अर्ज भर, बाकी आम्ही बघतो, पेपरात नाव येईल’ असे त्याला सांगितले होते. नाव आले. निकालानंतर गावात त्याला ‘विकला गेलेला’ म्हणू लागले, थोरल्या मुलीच्या सोयरिकीच्या वेळी पाहुण्यांनी तो विषय काढला. ज्याच्यासाठी हे केले तो जिंकला आणि ह्याला त्याचा फोनसुद्धा आला नाही. डावपेचांची चर्चा करताना आपण ज्याला ‘डमी’ म्हणतो त्याचे पुढे काय होते हे कोणत्याच विश्लेषणात नसते. माझ्या कपाटात ते हँडबिल आहे. त्यावर खाली माझ्या छापखान्याचे नाव आहे.

कायद्याला हे कळत नाही असे नाही. त्याच कायद्याच्या कलम १२३(१) मध्ये लाचेची व्याख्या मतदाराला पैसे देण्यापुरती नाही. एखाद्याने उमेदवार म्हणून उभे राहावे किंवा राहू नये, माघार घ्यावी किंवा घेऊ नये, यासाठी दिलेले किंवा देऊ केलेले बक्षीसही भ्रष्ट आचार आहे. म्हणजे आमच्याकडे माघारीच्या दिवशी जे होते त्याचे वर्णन तिथे आधीच लिहून ठेवले आहे. अडचण सिद्ध करण्याची. घेणारा सांगत नाही, देणारा सांगत नाही आणि छापणारा, वर सांगितल्याप्रमाणे, गप्प बसतो. लोकसभेचे डिपॉझिट २५ हजार, विधानसभेचे १० हजार. ज्या निवडणुकीत कायदेशीर खर्चाचीच मर्यादा अनुक्रमे ९५ आणि ४० लाख आहे तिथे समोरच्याचा एक जुळा उभा करणे म्हणजे चहापाण्याचा खर्च.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा मुद्दा, आणि तो सांगलीने शिकवला. समोरच्या घरातला उमेदवार आपण ठरवू शकतो या समजुतीत मतदार मोजलेलाच नसतो.

१९६२ पासून २०१४ पर्यंत सांगली लोकसभा काँग्रेसकडे होती. २०१४ ला भाजपचे संजयकाका पाटील निवडून आले. २०१९ ला जागावाटपात ही जागा स्वाभिमानी पक्षाला गेली आणि वसंतदादांचे नातू विशाल पाटील हाताऐवजी बॅट घेऊन उभे राहिले. वंचित बहुजन आघाडीकडून गोपीचंद पडळकर होते. संजयकाका ५,०८,९९५, विशाल ३,४४,६४३, पडळकर ३,००,२३४. ‘वंचितने मते खाल्ली, ती बी टीम’ हा निष्कर्ष त्याच रात्री निघाला आणि काही महिन्यांत पडळकर भाजपमध्ये गेल्यावर तो सिद्ध झाल्यासारखा मानला गेला. मी त्याच्याशी सहमत नाही. पुढारी नंतर कुठे गेला यावरून तीन लाख माणसांनी आधी मत का दिले हे ठरत नाही. जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या दुष्काळी पट्ट्यातल्या, कारखानदारीच्या राजकारणात कधीच खुर्ची न मिळालेल्या धनगर आणि दलित वस्त्यांनी प्रथमच आपला म्हणून कुणाला मत दिले, त्याला ‘खाल्लेली मते’ म्हणणे हा उद्दामपणा आहे. मते ही कुणाच्या ताटातली भाकरी नव्हे. विरोधकांच्या घरात हात घालणारे आणि दुसऱ्याला बी टीम म्हणणारे, दोघांचीही समजूत एकच असते : मतदार कुणाचा तरी मालकीचा आहे.

२०२४ ला तर घरातल्याच माणसाने घरात हात घातला. २१ मार्चला मिरजेच्या सभेत उद्धव ठाकरे यांनी डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांची उमेदवारी जाहीर केली. जिल्ह्यातली काँग्रेस, विश्वजित कदम यांच्यासह, हटून बसली. दिल्लीपर्यंत फेऱ्या झाल्या, पण जागा सुटली नाही. मित्रपक्ष हा जागावाटपात प्रतिस्पर्धीच असतो, म्हणून हे उदाहरण मी याच विषयात धरतो. विशाल पाटील लिफाफा चिन्हावर अपक्ष राहिले. त्या दिवसांत जाणकारांचे गणित होते की विरोधी मते फुटली, संजयकाकांची तिसरी टर्म नक्की. माझ्या वहीतही मी तसेच लिहिले होते. निकाल : विशाल पाटील ५,७१,६६६, संजयकाका ४,७१,६१३. फरक १,००,०५३. चंद्रहार पाटील यांना ६०,८६० मते आणि डिपॉझिट जप्त. आघाडीने अधिकृत ठरवलेला उमेदवार मतदाराने अनधिकृत ठरवला. २०१९ ला ज्यांना वंचितने पाडले असे म्हणत होते त्या विशाल पाटलांना या वेळी वंचितचाच पाठिंबा होता, हे बी टीमवाल्यांनी लक्षात घ्यावे.

सांगलीच्या मतदाराने जे केले ते कॅलिफोर्नियात १९६६ साली वेगळ्या रीतीने झाले होते. गव्हर्नर पॅट ब्राउन यांना समोर सॅन फ्रान्सिस्कोचे माजी महापौर जॉर्ज ख्रिस्तोफर नको होते, ते मवाळ आणि जड उमेदवार. त्यांच्या जागी राजकारणात नवखा असलेला एक सिनेनट आला तर सोपे जाईल असे ब्राउन यांच्या लोकांना वाटले. ख्रिस्तोफर यांचा दुधाचा धंदा होता. त्या धंद्यातले जुने खटल्याचे प्रकरण वर्तमानपत्राकडे पोहोचवले गेले. (दूध संघांच्या राजकारणात वाढलेल्या आपल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.) ख्रिस्तोफर पडले, सिनेनट उमेदवार झाला आणि त्याने ब्राउन यांना सुमारे दहा लाख मतांनी हरवले. त्याचे नाव रोनाल्ड रेगन. २०१५ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या प्रचार-यंत्रणेच्या एका अंतर्गत टिपणात रिपब्लिकनांमधल्या काही टोकाच्या इच्छुकांना प्रसिद्धी मिळेल असे पाहावे, असा विचार मांडला होता. त्या नावांत डोनाल्ड ट्रम्प होते. मॅकॅस्किलबाईंनाही २०१८ ला पराभव पाहावा लागला.

डाव साधतोच कधी कधी, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०२२ ला मिशिगनमध्ये डेमोक्रॅटांनी पीटर मायर या रिपब्लिकन खासदाराविरुद्धच्या टोकाच्या उमेदवाराची जाहिरात केली, मायर प्राथमिक फेरीतच पडले आणि जागा डेमोक्रॅटांना मिळाली. पण मायर कोण होते? ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाला आपल्या पक्षाविरुद्ध जाऊन पाठिंबा देणाऱ्या मोजक्या रिपब्लिकनांपैकी एक. ‘समोरच्या पक्षातल्या प्रामाणिक माणसांनी उभे राहावे’ असे भाषणात सांगायचे आणि तसा एक उभा राहिला की त्याची जागा काढून घ्यायची. असे झाल्यावर समोरच्या घरात पुन्हा कोण प्रामाणिकपणे उभा राहील? आमच्या तालुक्यांत हेच झाले आहे. कामाचा, बोलणारा, हिशेब मागणारा माणूस कोणत्याही पॅनेलमध्ये दिसला की दोन्हीकडचे मिळून त्याचे तिकीट कापतात, कारण तो विरोधात असला तर जड जातो आणि आपल्यात असला तरी जड जातो. जो उरतो त्याला पाडायला सोपे असते. पण तो निवडून आला तर पाच वर्षे आपल्यालाच सोसावे लागते.

वर्तमानपत्रांनी आणि आता मोबाइलवरच्या चॅनलांनी या सगळ्याला ‘चाणक्यनीती’ म्हणायची सवय लावली. आमच्या सांगलीकडचा ‘करेक्ट कार्यक्रम’ राज्यभर गेला. कार्यक्रम कुणाचा झाला हे मात्र कुणी विचारत नाही. रायगडच्या त्या ९,८४९ पैकी किती जणांनी घरी जाऊन ‘साहेबांनाच दिलं’ असे समाधानाने सांगितले असेल! मत फुकट गेले हे ज्याला कळतही नाही, त्याची फसवणूक बूथ बळकावण्याहून हलकी कशी?

२०२५ मध्ये नगरपालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका दारात होत्या. गटाच्या निवडणुकीत फरक दोनशे-चारशेचा असतो. तिथे एक जुळे नाव पुरते. त्या ऑगस्टमध्ये एक पोरगा दर विचारायला आला, तीन हजार हँडबिले, एका रंगात. नाव सांगितले, ते ऐकल्यावर मी चष्मा काढला. म्हटले, ‘प्रकाशक कोण घालायचा?’ म्हणाला, ‘उमेदवारच की काका.’ मी म्हटले, ‘त्याला घेऊन ये, माझ्यासमोर सही करू दे. आणि पैसे देणाऱ्यालाही आण.’ तो विचारून येतो म्हणून गेला. चार दिवसांनी दुसऱ्या छापखान्यातून ते हँडबिल बाहेर पडले. एक प्रत मी मागून घेतली आणि कपाटात जुन्या हँडबिलाशेजारी ठेवली. खाली मुद्रकाचे नाव होते. प्रकाशकाची जागा कोरी होती.